पाचच गाड्या का सोडल्या?

प्रश्न : २०२१च्या फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या मोसमातल्या शेवटच्या, अबू धाबी शर्यतीत लुईस हॅमिल्टनचं जगज्जेतेपद हुकलं, त्यात नेमका कोणता नियम मोडला गेला?

उत्तर : आमच्या मते कलम ४८.१२, म्हणजे फेरीनं मागे पडलेल्या गाड्या पुढे सोडण्याचं. शर्यतीआधी हॅमिल्टन आणि त्याचा प्रतिस्पर्धी मॅक्स वर्स्टॅपन दोघंही ३६९.५ गुणांवर होते. ५८पैकी ५३व्या फेरीत लतिफीची गाडी भिंतीवर आदळली, सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांना संथ गतीनं, ओळीनं आपल्यामागे ठेवणारी गाडी. वर्स्टॅपननं लगेच नवे सॉफ्ट (जास्त पकडीचे, वेगवान) टायर घातले. हॅमिल्टन टायर बदलायला पिटमध्ये गेला असता तर आघाडी गेली असती, म्हणून तो १४व्या फेरीपासूनच्या जुन्या हार्ड (टिकाऊ, पण संथ) टायरवरच राहिला. दोघांच्या मध्ये फेरीनं मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. रेस डायरेक्टर मायकल मासी यांनी तेवढ्याच पुढे सोडल्या, वर्स्टॅपनमागच्या तीन तशाच ठेवल्या; त्यामुळे वर्स्टॅपन थेट हॅमिल्टनच्या मागे आला. शिवाय गाड्या सोडल्यावर सेफ्टी कारनं पुढच्या फेरीअखेर आत यायचं असतं. ती त्याच फेरीअखेर आली. नियमानं चाललं असतं तर शर्यत तिच्यामागेच संपली असती. प्रत्यक्षात शेवटच्या फेरीत, पाचव्या वळणावर वर्स्टॅपननं आतून गाडी घालून हॅमिल्टनला मागे टाकलं आणि विजेतेपद मिळवलं. त्याची यात काहीच चूक नाही.

सेफ्टी कारबाबत डायरेक्टरचा अधिकार सर्वोच्च, या कलम १५.३च्या आधारे स्टुअर्ड्सनी (शर्यतीच्या पंचांनी) हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाची तक्रार फेटाळली. हा अर्थ आम्हाला पटत नाही. मग बाकीची कलमं लिहिलीच कशाला? २०२२मध्ये मागे पडलेल्या गाड्या सोडण्याच्या नियमातल्या ‘कोणत्याही’ गाड्यांच्या जागी ‘सर्व’ हा शब्द आला.