‘करमत नाही’ म्हणजे एकाकी का?

प्रश्न : रूममेट सोडून गेली तेव्हा मी म्हटलं ‘मला करमत नाहीये’, तर एकजण म्हणे सरळ एकाकी म्हण ना. दोन्ही एकच का?

उत्तर : छे, एकच कसं असेल! एकटं म्हणजे नुसतं सोबत कोणी नसणं, त्यात मजाही येते कधीकधी. एकाकी जरा पुस्तकी, आणि भरल्या घरातही माणूस एकाकी असतो. करमत नाही म्हणजे कोणावाचून तरी मन कशातच लागत नाही, मोबाईल उचलायचा, परत ठेवायचा, तसलं, चार दिवसांत जातंही. गंमत म्हणजे ‘मी करमत नाही’ कोणी म्हणत नाही, ‘मला’च लागतं, भूक लागते तसं. आपली करमणूक पण ह्याच करमण्यातली. नकाराशिवाय हा शब्द फार येत नाही, फोनवर ‘करमतंय का तिकडे?’ विचारतात तेवढंच.