वर फोन कोण घेतंय?

ताई, नमस्कार.

मी छत्तीस वर्षांचा आहे. राहायला डोंबिवली, नोकरी लोअर परळला, खासगी कंपनीत. मुलगी चार वर्षांची. नोकरीला लागलो तेव्हा मी सिगारेटला हात लावत नव्हतो. तीन वर्षांपूर्वी नवे साहेब आले. ते दिवसातून चार-पाच वेळा खाली टपरीवर जातात, सोबत आमच्यातले चौघे-पाच जण. मी वर बसून राहायचो. एकदा गेलो, मग जायला लागलो आणि ओढायलाही लागलो. दिवसाला चार, फार तर पाच. सुटी घेतो, पाकीट जवळ ठेवत नाही. घरी एकही नाही.

खरं सांगायचं तर फायदा झाला. टपरीवर साहेब वेगळाच माणूस असतो. कुठलं काम येतंय, कोणाचं बिनसलंय, सगळं तिथे आधी कळतं. गेल्या दिवाळीत एका मोठ्या क्लायंटचं काम मला मिळालं, तेही तिथेच उभ्या उभ्या ठरलं. आम्ही खाली असलो तरी कामाचा खोळंबा होत नाही. वर एक मॅडम असतात, हा क्लायंट पूर्वी त्यांच्याकडेच होता, त्यामुळे फोन आला तर त्या घेतात.

आता बायको म्हणते, मार्चपर्यंत सोडा, नाहीतर मी मुलीला घेऊन माहेरी जाते. नेमकं मार्चमध्येच अप्रेझल आहे. सिगारेट सोडली की खाली जाणं बंद, आणि खाली जाणं बंद झालं की मी या ऑफिसात संपलो. बायकोला हे कसं समजावू? कॅन्सरचं सांगू नका, ते पाकिटावर छापलेलं असतं.

— एक वाचक, डोंबिवली

* * *

नमस्कार.

बायकोला कसं समजावायचं ते मी सांगणार नाही. त्यांना सगळं समजलेलं आहे. त्यांनी मुदतही दिली आहे, आणि त्यांच्यासाठी मी इथे आणखी जागा खर्च करत नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले ते थांबलेच. ‘वर एक मॅडम असतात.’

तुमच्या मूळ पत्रात साहेबांचं नाव होतं, ते कुठली सिगारेट ओढतात ते होतं, टपरीवाल्याचं आडनाव आणि तो कुठल्या गावचा तेही होतं. छापताना मी ते सगळं काढलं. या बाईंचं नाव काढावं लागलं नाही, कारण तुम्ही ते लिहिलंच नव्हतं. क्लायंट त्यांचा होता. त्याचं मागचं सगळं त्यांना तोंडपाठ असणार, म्हणून तर फोन त्या घेऊ शकतात. काम मात्र तुमच्या नावावर आहे, आणि ते तुमच्याकडे आलं त्या वेळी त्या वर होत्या. बहुधा तेव्हाही कोणाचा तरी फोन घेत होत्या. हे सगळं तुम्ही मला कशासाठी कळवलंत? तर कामाचा खोळंबा होत नाही हे सांगायला.

मला राग आला, आणि तो मी लपवत नाही.

तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. सिगारेटचा ऑफिसात फायदा होतो हे खरंच आहे. वर साहेब टेबलाच्या पलीकडे असतो. खाली त्याच्याकडे काडी नसते आणि तो तुमच्याकडे मागतो. मग जवळ यावं लागतं, वाऱ्याला हात आडवा धरावा लागतो, एकाची पेटलेली दुसऱ्याच्या कामी येते. एवढ्याशा देवघेवीत हुद्दा गळून पडतो. सिगारेट संपेपर्यंत कोणाला हलायचं नसतं, म्हणून पाच-सात मिनिटं सगळे एका जागी उभे असतात, फोन खिशात असतो आणि कोणी मुद्दे लिहून घेत नसतं. अशा वेळी माणसं मनातलं बोलतात. वर तासभराच्या मीटिंगमध्ये जे ठरत नाही ते इथे ठरतं.

हा अनुभव तुमच्या एकट्याचा नाही. झोई कलन आणि रिकार्डो पेरेझ-त्रुग्लिया या दोन अर्थतज्ज्ञांनी एका मोठ्या वित्तसंस्थेतली आकडेवारी तपासली. त्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुष कर्मचाऱ्यांना पुरुष साहेब मिळाला की पुढच्या काही वर्षांत त्यांची बढती वेगाने होत होती. बायकांना साहेब पुरुष मिळो की स्त्री, काही फरक पडत नव्हता. पुरुष जास्त राबत होते म्हणावं, तर तसंही दिसलं नाही. मेहनतीत किंवा कामाच्या निकालात या फरकाचं कारण सापडलं नाही. तो फरक साहेबाबरोबरच्या उठण्याबसण्यातून येत असावा, असं त्यांचं म्हणणं. ते तपासायला त्यांनी नेमकी सिगारेट निवडली: ओढणाऱ्याला ओढणारा साहेब मिळाला की काय होतं? बढतीला हातभार लागत होता. त्या संस्थेत बढतीच्या बाबतीत बायका जेवढ्या मागे होत्या, त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग पुरुष साहेब आणि पुरुष कर्मचारी यांच्या या जवळिकीने पडलेला होता.

म्हणजे तुम्हाला जे मिळालं ते आकाशातून पडलं नाही, कोणाच्या तरी वाट्यातून आलं. आणि तुमच्या बाबतीत तो वाटा कोणाचा हे शोधायला अर्थतज्ज्ञ लागत नाहीत. त्या वर बसून फोन घेताहेत.

त्यांनाही खाली बोलवा, असं मात्र मी म्हणणार नाही. लोअर परळच्या टपऱ्यांवर आता मुलीही उभ्या असतात, आणि येणारेजाणारे त्यांच्याकडे कसे बघतात तेही तुम्ही रोज बघत असाल. तुमच्या हातात सिगारेट दिसली की तुम्ही साहेबांच्या गोटातले ठरता. तीच बाईच्या हातात दिसली की संध्याकाळपर्यंत तिच्याबद्दल चर्चा सुरू होते. आणि ही चर्चा उद्या बंद झाली तरी, आपल्याच कामाची खबर मिळावी म्हणून एखाद्या बाईने धुरात का उभं राहावं?

धूर खाली कसा गेला तेही आठवा. तंबाखू नियंत्रणाचा कायदा २००३ चा. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे सार्वजनिक जागांचे नियम कडक झाले आणि ऑफिसं त्यात आली. मोडणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्याआधी साहेबाच्या टेबलावर ॲशट्रे असायचा आणि शेजारी बसलेला दिवसभर दुसऱ्याचा धूर गिळायचा. वर बसणाऱ्यांच्या छातीसाठी तो कायदा आला, आणि चांगलाच आला. पण धुराबरोबर कामाच्या गप्पाही खाली गेल्या. त्या परत वर आणायचं कोणीच मनावर घेतलं नाही, कारण ज्यांना ते करता आलं असतं ते सगळे खालीच उभे होते. त्यात तुम्ही आहात.

तुमचं आणखी एक वाक्य. ‘खाली जाणं बंद झालं की मी संपलो.’ एवढी खात्री कुठून आली? वर राहणाऱ्याचं काय होतं ते तुम्ही तीन वर्षं रोज बघताय, त्यातून आली. तुमच्या भीतीला खुर्ची आहे, टेबल आहे, वाजणारा फोन आहे. त्या खुर्चीवर काही काळ तुम्हीही बसला होतात. तिथून उठलात तेव्हा मागे कोण उरलं याकडे वळून पाहिलं नाहीत, आणि आता तिथेच परत जायची वेळ आली म्हणून धास्तावलात. त्या बाई स्वभावाने कशा आहेत, गोड की तुसड्या, मला ठाऊक नाही. त्याने काही बदलतही नाही.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगते. येत्या सोमवारी चार वाजता साहेब उठले आणि त्यांनी नेहमीसारखी मान हलवली की जागेवरून सरळ सांगा, ‘सर, त्या क्लायंटचं बोलायचंय, आपण पँट्रीत बसू. मॅडमना पण बोलावतो, सुरुवातीपासूनचं त्यांना माहीत आहे.’ मॅडमच्या जागी त्यांचं नाव घ्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चहा मागवा. बोलणं तिथे होऊ द्या. मग साहेबांना ओढायला खाली जायचं असेल तर जाऊ देत, तुम्ही जाऊ नका.

हे मी बायकोसाठी सांगत नाही, आणि तुमच्या फुप्फुसांसाठीही पहिल्यांदा सांगत नाही. तुम्ही टिकवून धरलेली ही रीत तुम्हीच मोडायला हवी, कारण साहेब तुमचं ऐकतात. त्या बाईंनी हेच म्हटलं असतं तर ‘कटकट करते’ असं टपरीवर बोललं गेलं असतं, आणि तुम्ही ते ऐकलंही असतं.

याने तुमचं नुकसान होऊ शकतं. मार्चमध्ये थोडं कमी पडेल, एखादी बातमी तुमच्यापर्यंत दोन दिवस उशिरा येईल. येऊ दे. तुम्ही कामात बरे असाल तर तेवढ्याने बुडणार नाही. बुडालात तर आजवर कशावर तरंगत होतात ते कळेल, आणि छत्तिसाव्या वर्षी कळलं तर दुरुस्त करायला वेळ आहे.

आता सिगारेट. कॅन्सरचं सांगू नका म्हणालात, पाकिटावर छापलेलं असतं म्हणालात. पण तुम्ही पाकीट घेतच नाही. सुटी घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते चित्र येत नाही, आणि पाकिटाचा ८५ टक्के भाग त्याच इशाऱ्यासाठी राखलेला असतो. याच कारणाने राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली. ती टपरीवर कशी पाळली जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

‘दिवसाला चारच’ यावरही विसंबू नका. हृदयविकाराचा धोका सिगारेटींच्या हिशेबात कमी होत नाही. दिवसाला वीस ओढणाऱ्याला जेवढा जास्तीचा धोका असतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास धोका दिवसाला एक ओढणाऱ्यालाही असतो. चाराला तुम्ही थोडक्यात सुटलात असं समजत असाल तर ते चूक आहे.

टपरीवर डोकं मोकळं होतं असं तुमच्यासारखे सगळेच म्हणतात. निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि पुढच्या दोनेक तासांत रक्तातलं निम्मं ओसरतं. ओसरलं की चिडचिड होते, हात काहीतरी शोधू लागतात. पुढची पेटवली की ती चिडचिड थांबते, त्यालाच आपण डोकं मोकळं झालं म्हणतो. बाकीचं हलकं वाटणं जिना उतरून बाहेरच्या हवेत गेल्याचं आणि चार माणसांत उभं राहिल्याचं असतं. त्याला तंबाखू लागत नाही.

तुमच्या वयाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते, कारण ती आनंदाची आहे. ब्रिटनमध्ये १९५१ पासून चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांची पन्नास वर्षं नोंद ठेवली गेली. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. ज्यांनी साठाव्या वर्षाच्या सुमाराला सोडली त्यांना त्यातली तीन वर्षं परत मिळाली, पन्नासाव्याच्या सुमाराला सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्याच्या सुमाराला सोडणाऱ्यांना नऊ. तुम्ही छत्तीसचे आहात. एवढं परत मिळवायची संधी हातात असताना तुम्ही मला अप्रेझलचं विचारताय, याचं वाईट वाटतं. तुमची मुलगी चार वर्षांची आहे हो.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. चारच्या सुमाराला पाय आपोआप जिन्याकडे वळतील. त्या वेळी १८००-११-२३५६ या नंबरवर फोन करा. सिगारेट सोडणाऱ्यांसाठीची सरकारी मदतसेवा आहे, पैसे पडत नाहीत. २०१८ पासून हा नंबर पाकिटावर छापतात, सुटी घेत असल्याने तुम्ही तो पाहिला नसेल. तलफ फारच अनावर झाली तर डॉक्टरांना विचारून निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगम घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि घरी बायकोला ‘तुझ्यासाठी सोडतोय’ असं ऐकवू नका. त्यांच्या डोक्यावर आणखी एक उपकार नको.

पण सोमवारचं आधी. साहेब कदाचित हसतील, ‘काय रे, बायकोने धमकावलं वाटतं’ म्हणतील, बाकीचेही हसतील. हसू देत. उत्तर देऊ नका, बाईंना हाक मारा आणि पँट्रीचं दार उघडा. साहेब आले नाहीत तर तुम्ही दोघं बसून त्या क्लायंटचं बोला. मंगळवारी चार वाजता पुन्हा हेच म्हणा.