वाचकांचे प्रश्न : चोक उघडतच नाही, कारण उष्णता पोहोचत नाही

प्रश्न : माझ्याकडे जुना पेट्रोल ट्रक आहे. त्याचा चोक (थंड इंजिनासाठी कार्ब्युरेटरमध्ये जाणारी हवा रोखणारी पाकळी) स्वयंचलित असून एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या भागातून) येणाऱ्या बारीक नळीने त्याला गरम हवा मिळते. थंड इंजिन पटकन सुरू होते, पण तापल्यावरही काळा धूर थांबत नाही आणि पेट्रोल फार लागते. ही नळी मॅनिफोल्डपाशी गंजून तुटली आहे. चोक तारेने कायमचा उघडा बांधून टाका, असे मेकॅनिक म्हणतात. नळी दुरुस्त करावी की इलेक्ट्रिक चोक बसवावा?

उत्तर : तारेने बांधण्याचा सल्ला कृपा करून मानू नका. त्यामुळे धूर थांबेल, पण थंड इंजिन सुरू करताना दर वेळी झगडावे लागेल आणि मूळ दोष तसाच राहील.

आपल्या चोकच्या गोल डबीत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. ती थंड असताना चोकची पाकळी मिटवते आणि तापली की सैल होऊन पाकळी उघडू देते. इंजिनाचा व्हॅक्यूम डबीतून सतत थोडी हवा ओढत असतो. ही हवा मॅनिफोल्डमध्ये तापून यावी, एवढीच त्या नळीची कामगिरी. नळी तुटल्यावर डबी बॉनेटखालची साधी, न गाळलेली हवा ओढत राहते, स्प्रिंग पुरेशी तापत नाही आणि मिश्रण गरजेपेक्षा श्रीमंत, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलाचे, राहते. असा ट्रक फार काळ चालवला तर स्पार्क प्लग काळे पडतातच, शिवाय न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइल पातळ करते. म्हणून दुरुस्तीनंतर ऑइलही बदलावे.

खर्च करण्यापूर्वी पाकळी मोकळी आहे का, ते पाहा. इंजिन गरम करून बंद करा, एअर फिल्टर काढा आणि पाकळी बोटाने हलवून बघा. ती अडकत असेल तर तिचा दांडा कार्ब्युरेटर क्लीनरने धुवा. त्यावर ऑइल सोडू नका, कारण त्याला धूळ चिकटून पाकळी पुन्हा जाम होते. पाकळी सहज हलते, पण सोडताच मिटते, असे असेल तर दोष उष्णतेचाच आहे. मग डबीचे झाकण उघडा. आत स्प्रिंगवर काळी, मऊ काजळी बसलेली दिसली तर मॅनिफोल्डच्या आतली नळीही कुजली आहे आणि डबीत हवेऐवजी धूर ओढला जातो आहे, असे समजावे.

आतला भाग शाबूत असेल तर मी निःसंकोच नळीच बदलण्यास सांगेन, कारण ही रचना इंजिनाच्या प्रत्यक्ष तापमानाबरोबर चालते. नवी नळी पोलादाची घ्या. तांब्याची वाकवायला सोपी असली तरी उष्णता आणि कंपनाने ती कडक होऊन तडकते. नळीवर उष्णतारोधक वेष्टन चढवले की वाटेत हवा गार होत नाही.

आतली नळी कुजली असेल आणि मॅनिफोल्ड उतरवणे जिकिरीचे असेल, तर इलेक्ट्रिक चोक हा उत्तम पर्याय आहे. तो बसवताना कार्ब्युरेटरमधून डबीत येणारे व्हॅक्यूमचे छिद्र आणि मॅनिफोल्डवरची उघडी तोंडे बंद करायला विसरू नका. आपल्या ट्रकची बॅटरी ६ व्होल्टची असेल तर १२ व्होल्टचा चोक नीट तापणार नाही, हेही आधी तपासा. वीज इग्निशन कॉइलवरून मुळीच घेऊ नये. पुष्कळ जुन्या गाड्यांत तिथे रेझिस्टरमुळे व्होल्टेज कमी असते, त्यामुळे चोक अर्धवट तापतो आणि ठिणगीही कमकुवत होते. फ्यूज लावलेली स्वतंत्र तार घ्या आणि अर्थिंग पक्के करा. काही झाकणांचे अर्थिंग डबीच्या धातूतूनच होते. तिथे गॅस्केट घातले तर चोक तापतच नाही.

शेवटची जुळवणी पूर्ण थंड इंजिनावरच करावी. ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडा, झाकणाचे स्क्रू सैल करा आणि पाकळी जेमतेम मिटेल इतपत झाकण फिरवून ते घट्ट करा. इंजिन सुरू होताच पाकळी किंचित फटीइतकी उघडली पाहिजे. हे काम व्हॅक्यूमच्या पडद्याचे (व्हॅक्यूमने ओढला जाऊन पाकळी उघडणाऱ्या पडद्याचे) आहे, स्प्रिंगचे नव्हे. तो पडदा फाटला असेल तर झाकण कितीही फिरवून उपयोग नाही.

प्रश्न : मी इलेक्ट्रिक चोक बसवला आहे. इंजिन सुरू न करता किल्ली थोडा वेळ चालू राहिली, तर नंतर थंड इंजिन सुरू व्हायला त्रास होतो. असे का?

उत्तर : किल्ली फिरवताच आपल्या चोकला वीज मिळत असावी. इंजिन थंड असतानाच स्प्रिंग तापते आणि पाकळी उघडून बसते. चोकची वीज ऑइल प्रेशर स्विचमार्फत, शक्यतो रिले (थोड्या विजेवर चालून जास्त वीज जोडणारा स्विच) लावून घ्या, म्हणजे इंजिन फिरू लागल्यावरच ती सुरू होईल. मात्र त्यासाठी डॅशबोर्डवरचा दिवा लावणारा साधा स्विच चालत नाही, कारण तो उलट वागतो आणि दाब आला की सर्किट तोडतो. दाब आल्यावर सर्किट जोडणारा स्विच मागून घ्या.