गंजलेले डस्ट शील्ड: बदलायचे, काढायचे की थांबायचं?

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. पगार हातात ३१,००० रुपये. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीहून २०१३ ची एक हॅचबॅक घेतली. वडिलांना दर पंधरा दिवसांनी बार्शीला उपचारासाठी न्यावं लागतं. हल्ली पुढच्या चाकांतून पत्रा घासल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, ब्रेकच्या डिस्कमागचे डस्ट शील्ड म्हणजे संरक्षक पत्रे गंजून गेलेत आणि उजवं बेअरिंगही घुमतंय. दोन्ही बाजूंचं काम ७,६०० रुपये: प्रत्येक बाजूला शील्ड ७००, बेअरिंग १,६००, मजुरी १,५००. नाहीतर चारी चाकांचे पत्रे काढून टाकू, ६०० रुपयांत आवाज बंद, असंही म्हणतो. बचत खात्यात २२,००० आहेत, मुलीच्या फीसाठी आरडी चालू आहे. आरडी मोडू, कार्डावर हप्ते करू, की पत्रे काढूनच टाकू?

उत्तर: तिन्हीतलं काहीच करू नका. उजव्या बाजूचं काम पूर्ण करून घ्या, डावी बाजू तात्पुरती दुरुस्त करा. खर्च चार हजारांच्या आसपास येईल आणि तो बचत खात्यातूनच करा.

तुमचं एस्टिमेट नीट वाचलं तर दिसेल की ७,६०० मध्ये शील्डचे पैसे फक्त १,४०० आहेत. बाकी सगळं त्या पत्र्यापर्यंत पोचण्याचं भाडं आहे. चाक काढा, डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर काढा, डिस्क काढा, मग चाक ज्यावर बसतं तो हब ओढून काढा, तेव्हा कुठे शील्डचे बोल्ट दिसतात. आणि प्रेसनं बसवलेलं बेअरिंग हब ओढताना बहुतेक वेळा खराब होतं, म्हणून ते नवीन घालावंच लागतं. मेकॅनिकनं बेअरिंग धरलंय ते फसवायला नाही.

म्हणूनच उजवी बाजू आत्ता करा. ते बेअरिंग घुमतंय, म्हणजे १,६०० आणि १,५०० तुम्हाला तसेही द्यायचेच आहेत. शील्डसाठी जादा जातात ते फक्त ७००. उद्या वेगळं करायला गेलात तर हीच मजुरी पुन्हा भराल. डावीकडचं बेअरिंग मात्र गप्प आहे. ७०० रुपयांच्या पत्र्यासाठी चांगलं बेअरिंग फोडायचं आणि ३,१०० जास्त मोजायचे, हा व्यवहार मला पटत नाही. पॅड आणि डिस्क जोडीनं बदलतात, बेअरिंगला तसा नियम नाही.

डाव्या बाजूला गाडी जॅकवर घ्या, चाक काढा, टॉर्च मारून बघा. शील्डची कडा बोटानं दाबली की पापडासारखी तुटते का? तुटणारा भाग कापून टाकायला सांगा, उरलेला पत्रा डिस्कपासून मागे वाकवा, बोल्टपाशी पत्रा घट्ट आहे ना ते बघा. मग डिस्क हातानं फिरवून कान लावा. घासण्याचा आवाज गेला की काम झालं. शे-दोनशे रुपयांचं काम आहे. पण पत्रा बोल्टपाशीच सडला असेल तर ठेवू नका, कारण सुटून डिस्क आणि कॅलिपरमध्ये अडकला तर खर्चाचं गणित बाजूलाच राहील. तेवढा एकच काढला तर पुढच्या डिस्कचं ब्रेक लागणं थांबत नाही. मग डावं बेअरिंग बोलू लागेल तेव्हा नवीन शील्ड बसवा.

मग सगळेच काढून का टाकू नयेत? तुमचा रस्ता वैरागवरून जातो. काळ्या मातीचा चिखल, उसाच्या ट्रॉल्यांमागची माती, सुटी खडी हे सगळं डिस्कच्या आतल्या बाजूला आणि पॅडमध्ये जाऊ नये म्हणून तो पत्रा असतो. शिवाय डिस्कची धग बॉल जॉइंटच्या रबरापर्यंत पोचू देत नाही. ते रबर फाटलं की पुढचा खर्च शील्डच्या कितीतरी पुढे जातो.

आणि "चारी चाकांचे" हा शब्द वाचून मी खरंच दचकलो. तुमच्यासारख्या बहुतेक हॅचबॅक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. तिथली पत्र्यासारखी दिसणारी प्लेट म्हणजे डस्ट शील्ड नव्हे. ब्रेकचे लायनर आणि व्हील सिलिंडर तिच्यावरच बसवलेले असतात. ती काढणं म्हणजे ब्रेकच काढणं. वडिलांना घेऊन जाता त्या गाडीत हा प्रयोग कुणालाही करू देऊ नका.

घाबरून सगळं आत्ताच बदलण्याचीही गरज नाही. हा गंज बहुधा रत्नागिरीच्या खाऱ्या हवेतला आहे. आपल्या कोरड्या हवेत तो त्या वेगानं वाढत नाही. २०१३ ची नोंदणी असेल तर २०२८ मध्ये पंधरा वर्षं होतील. नोंदणी पुढे चालू ठेवायची तर फिटनेस तपासणी आणि ५,००० रुपये फी आहे, हरित कर वेगळा. गाडी ठेवायची की विकायची हे तेव्हा ठरेल. तोवर तिच्यात घालायचा प्रत्येक रुपया थांबण्याच्या ताकदीवर घाला. वाचलेल्या साडेतीन हजारांतून पॅडची जाडी तपासून घ्या आणि ब्रेक ऑइल बदला. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. गाडी घेतल्यापासून बदललं नसेल तर वेळ झालीच आहे.

आरडीला हात लावू नका. जूनमध्ये फी कुणी उधार ठेवणार नाही. कार्डावर हप्ता चुकला की थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास. विम्याकडे गंजाची भरपाई मागून उपयोग नाही, झिजेचा खर्च त्यात येत नाही. बचत खात्यातून चार हजार गेले तरी अठरा हजार उरतात. पुढचे चार महिने पगार झाल्या दिवशी हजार-हजार परत भरा. पाचव्या महिन्यापासून तेच हजार गाडीच्या नावानं वेगळे ठेवा, कारण डावं बेअरिंग कधीतरी येणारच आहे.

गॅरेजला गाडी सोडताना दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या: उजव्या बाजूचं शील्ड आणि बेअरिंग नवीन, जुने सुटे भाग परत. मागच्या ड्रमला हात लावायचा नाही, हे तोंडानं स्पष्ट सांगा आणि चाकं चढेपर्यंत तिथेच थांबा.