फवारणीचा पाइप दोन वर्षांत कडक पडतो. ‘अँटीऑक्सिडंटवाला’ घेतला तर टिकेल का?

पिंपळगावकडे तुमची द्राक्षबाग आहे. एचटीपी पंपाचा पीव्हीसी पाइप दुसऱ्याच हंगामात कडक होऊन वळणावर तडकतो आणि दुकानदार म्हणतो, “अँटीऑक्सिडंट टाकलेला घ्या, चार वर्षं बघायला नको.” मी अंबडच्या एमआयडीसीत पाइप आणि केबलसाठी पीव्हीसीचा दाणा बनवण्यात बावीस वर्षं काढली. दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय.

पीव्हीसी मुळात कडक. विहिरीवरून बागेत आणलेला करडा पाइप बघा, तोही पीव्हीसीच. त्याला मऊ करतं ते तेल. पुस्तकात त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात, आम्ही सरळ ‘ऑइल’ म्हणायचो. शंभर किलो रेझिनला, म्हणजे पीव्हीसीच्या मूळ भुकटीला, पन्नास-साठ किलो डीओपी नावाचं तेल हा नेहमीचा हिशेब. हे तेल रेझिनला रासायनिकरीत्या जोडलेलं नसतं, नुसतं रेझिनच्या लांब रेणूसाखळ्यांच्या मध्ये शिरून बसलेलं असतं. त्यामुळे संधी मिळाली की ते निघतं. उन्हात हळूहळू उडतं, शेजारच्या वस्तूत शिरतं, नाहीतर एखाद्या द्रावकात विरघळून जातं. बंदीच्या आधी गणपतीच्या थर्मोकोलच्या मखरात लाइटची माळ वायरसकट रुतून चिकटायची, आठवतंय? तो त्या वायरमधल्या तेलाचा प्रताप.

तुमच्या पाइपचा मोठा शत्रू मला वाटतं हाच आहे. ईसी (पाण्यात टाकलं की दुधाळ होणाऱ्या) प्रकारच्या औषधांत कीटकनाशक द्रावकात विरघळवलेलं असतं. ते द्रावक पाइपच्या आतल्या थरात शिरतं, तेल सोडवून घेतं, आणि पुढे दोघंही निघून जातात. मागे उरतो तो कडक सांगाडा. इथे अँटीऑक्सिडंट काहीही करू शकत नाही. तो तेलाला धरून ठेवत नाही.

मग तो करतो काय? डीओपीच्या रेणूला दोन शेपट्या असतात, आणि प्रत्येक शेपटीला एक फांदी. फांदी फुटते तिथला हायड्रोजन सैल असतो. ऊन लागलं की हवेतला ऑक्सिजन तिथे घुसतो, पेरॉक्साइड तयार होतं, ते फुटलं की दोन नवे उपद्रवी तुकडे, ते शेजारच्या रेणूला धरतात. साखळीच सुरू होते. तेलाचे लहान तुकडे पडतात, ते मूळ तेलापेक्षा पटकन उडतात, शिवाय आम्ल तयार होतं. अँटीऑक्सिडंट आपला हायड्रोजन देऊन ही साखळी मध्येच तोडतो. म्हणजे तो राखण करतो ती मुख्यतः तेलाची, आणि त्यातच खर्ची पडतो.

तेल बिघडलं की रेझिनलाही झळ लागते. पीव्हीसीत वजनाने जवळपास 57 टक्के क्लोरीन. उष्णतेने त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, आणि सुटलेलं आम्लच पुढची झीज वाढवतं. रेझिनच्या रेणूसाखळीत दुहेरी बंधांची रांग लागते, म्हणून पाइप पिवळा, मग तपकिरी. हे आम्ल गिळायला कॅल्शियम-झिंकसारखा स्टॅबिलायझर लागतो, तो वेगळा. उन्हासाठी काजळी, तीही वेगळी. दुकानदार या सगळ्याला एकच नाव देतो. थोडक्यात, निव्वळ कडकपणा म्हणजे बहुधा तेल गेलं, आणि पिवळेपणा म्हणजे रेझिन कुजायला लागलं.

एक अनुभव सांगतो. एकदा आमच्याकडे खर्च वाचवायला बीएचटी हा स्वस्त अँटीऑक्सिडंट वापरला. दाणा छान दिसला, पण त्याची पट्टी ओव्हनमध्ये 168 तास ठेवून ताणली तर तटकन तुटली. बीएचटीचा रेणू फार लहान, सुमारे 220 वजनाचा. तेलाची राखण करायची सोडून तोच आधी उडून गेला. तेव्हापासून मी मोठ्या रेणूचा घ्यायचो, 1100-1200 वजनाचा. शंभर किलो रेझिनला पावशेर-अर्धा किलो पुरतो. तेलातही तसंच: डीओपी 390, डीआयडीपी 447, टीओटीएम 547. रेणू जड तसं उडणं कमी, आणि भाव चढा.

स्वस्त पाइपात डीओपीचा काही भाग क्लोरिनेटेड पॅराफिनने भरतात. ते एकट्याने नीट मुरत नाही. प्रमाण वाढलं तर पाइपला चिकट घाम सुटतो, त्यावर धूळ बसते. त्यात खडू भरपूर, म्हणून पाइप हाताला भरदार लागतो आणि माणूस फसतो. दुमडून बघा, वळणावर पांढरी रेघ उमटली तर खडू जास्त आहे.

म्हणून ‘अँटीऑक्सिडंट आहे का’ एवढंच विचारू नका. तेल कोणतं, पॅराफिन किती, हे विचारा. दुकानदाराला नाही सांगता आलं तर बनवणाऱ्याला फोन लावा. फवारणी झाली की दहा मिनिटं साधं पाणी सोडा. पाइप पत्र्यावर किंवा ट्रॅक्टरवर उन्हात टाकू नका, पंपघरात टांगा.

आणि नवीन पाइप आणलात की बरोबर एक मीटरचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर तोलून ठेवा, तो सावलीत टांगा. वापरातल्या पाइपवरही मीटरच्या दोन खुणा करा. द्राक्षं उतरल्यावर, खरड छाटणीच्या सुमारास खुणांमधला भाग कापा, धुऊन पूर्ण वाळवा आणि तोला. सावलीतल्यापेक्षा हलका भरला तर औषधाने आणि उन्हाने तुमचं किती तेल नेलं ते ग्रॅममध्ये कळेल. आकडा आला की इथे टाका, मलाही बघायचाय.