वाचकांचे प्रश्न: वेष्टनात गुंडाळलेल्या चेतातंतूला खायला कोण घालतं?

प्रश्न: मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. चेतातंतूभोवतीच्या मायलिन या स्निग्ध वेष्टनामुळे संदेश वेगाने जातो आणि ऊर्जाही वाचते, असं मी सांगितलं. एका मुलाने विचारलं, "तंतू असा गुंडाळून टाकला तर त्याला ग्लुकोज कुठून मिळतं?" त्याला काय सांगू?
– शिक्षिका, सांगली

उत्तर: मुलाने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे.

आधी बचतीचं बघू. संदेश जाताना तंतूत सोडियम शिरतं आणि ते उपसावं लागतं. 3 सोडियम आयन बाहेर टाकून 2 पोटॅशियम आत घ्यायला तंतूच्या पडद्यातल्या पंपाला एक एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) लागतो. मायलिन असलेल्या तंतूत सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे ते आत सोडणारी पडद्यातली दारं, रॅनव्हियरच्या गाठींत दाटलेल्या असतात. नाव गाठ असलं तरी ती खरं तर जेमतेम 1 मायक्रोमीटरची उघडी फट आहे. मधल्या लांब पट्ट्यात सोडियम फारसं शिरतच नाही, मग उपसायचं काय?

पण त्याच वेष्टनामुळे तंतूचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग बाहेरच्या द्रवापासून तुटतो. मेंदूत हे वेष्टन ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी घालतात आणि शिधाही त्याच पुरवतात. त्या ग्लुकोजपासून लॅक्टेट हे लहान इंधन-रेणू बनवतात. मायलिनच्या थरांतून पेशीद्रवाच्या बारीक वाटा जातात, त्यांतून ते सर्वांत आतल्या थरापर्यंत पोचतं. तिथे एमसीटी1 हे वाहक प्रथिन ते तंतूभोवतीच्या फटीत सोडतं, एमसीटी2 तंतूत घेतं आणि तंतूतल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) त्यापासून एटीपी करतात. 2012 साली उंदरांत एमसीटी1 कमी केल्यावर तंतूंना इजा झालेली दिसली. म्हणून फळ्यावर मायलिन काढाल तेव्हा वेष्टनातून तंतूकडे जाणारा बाणही जरूर काढा. नुसत्या वायरवरच्या प्लास्टिकच्या उपमेत ही अर्धी गोष्ट हरवते.

प्रश्न: मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या माझ्या बहिणीला गरम पाण्याने अंघोळ केली की अंधुक दिसतं. नस आणखी खराब होत असेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मायलिन नष्ट करते. मायलिन गेलेल्या जागी संदेश आधीच क्षीण असतो. उष्णतेने सोडियमच्या वाहिन्या लवकर मिटतात आणि तो पुढे पोचत नाही. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी पुरतं. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी 1890 मध्ये याचं वर्णन केलं. अंग थंड झालं की दृष्टी पूर्ववत होते.

खरी झीज वेगळी आणि संथ असते. उघड्या पडलेल्या तंतूवर वाहिन्या पसरतात, पंपाचं काम वाढतं आणि शिधा मात्र तुटलेला असतो. आत सोडियम साचलं की एरवी कॅल्शियम बाहेर काढणारी सोडियम-कॅल्शियमची देवाणघेवाण उलटी फिरते, कॅल्शियम आत घुसतं आणि तंतू मोडतो.

बहिणीने कोमट पाणी वापरावं. अंग थंड होऊनही त्रास 24 तासांहून जास्त टिकला, तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच दाखवा.