दोन प्यादी सोडून राजा चालत निघाला: वाचकांचे बुद्धिबळाचे प्रश्न

प्रश्न: सर, १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेतला कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर हा डाव सगळेच एंडगेमचा, म्हणजे मोजकेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्याचा, नमुना म्हणून सांगतात, म्हणून मी तो मोबाईलवर दोनदा बघितला. पण खरं सांगू का, मला त्यात काही ग्रेट दिसलंच नाही. वजीर लवकर गेले, मग हत्ती आणि प्यादी उरली, मध्येच पांढऱ्याने दोन प्यादी फुकट देऊन टाकली आणि शेवटी जिंकला. बलिदान म्हटलं की मला मिखाईल तालचे डाव आठवतात, मोहरा दिला की राजावर नुसता भडिमार. इथे नक्की काय बघायचं?

उत्तर: आधी एक विनंती, मोबाईल बाजूला ठेवा आणि हा डाव खऱ्या पटावर मांडा. मोबाईलवर बोट टेकवत गेलं की ५२ चाली दोन मिनिटांत संपतात, हातात काही राहत नाही, आणि हा डाव तर असा आहे की प्रत्येक चालीआधी थांबून "मी असतो तर काय केलं असतं" असं स्वतःला विचारलं नाही तर तो बोलतच नाही तुमच्याशी.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. कापाब्लांका तेव्हा जगज्जेता होता, १९२१ पासून. आठ वर्षं तो एकही डाव हरला नव्हता आणि याच स्पर्धेत आदल्या फेरीत रेटीने त्याला हरवलं होतं. म्हणजे इतक्या वर्षांनी पहिली हार पचवून माणूस पुढच्या डावाला बसलाय आणि समोर टार्टाकोव्हर, जो कल्पक होता, घाबरणारा तर अजिबात नव्हता. अशा वेळी आपण काय करतो? काहीतरी करून दाखवायला धावतो. कापाब्लांकाने काय केलं ते बघा.

कापाब्लांका पांढऱ्याकडून. डावाची सुरुवात डच डिफेन्स नावाची, ती भराभर खेळून घ्या. २५व्या-२६व्या चालीला वजिरावजिरी होते, एकेक हत्तीही जातो आणि पटावर उरतं काय तर पांढऱ्याचा एक हत्ती, एक उंट आणि काळ्याचा एक हत्ती, एक घोडा, प्यादी दोघांची सहा सहा. दिसायला अगदी सपाट डाव, दोन दमलेले खेळाडू इथे हात मिळवून उठले असते तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण पांढरा एच प्यादं (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८) पुढे ढकलतो, मारामारी होऊन ती उभी पट्टी उघडते, तिथे हत्ती आणतो आणि ३०व्या चालीला तो हत्ती एच७ वर, म्हणजे थेट सातव्या रांगेत जाऊन बसतो. काळ्याचा राजा शेवटच्या रांगेत अडकला. हत्ती एकदा तिथे बसला की पुढे डाव संपेपर्यंत सातवी रांग सोडत नाही, हे लक्षात ठेवा.

आता ३४व्या चालीनंतर थांबा. उंट आणि घोडा एकमेकांना मारून गेलेत. पांढरा राजा एफ३, हत्ती एच७, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी५. काळा राजा एफ८, हत्ती सी६, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, एफ५. पाचास पाच. काळ्याचा हत्ती सी३ च्या प्याद्यावर डोळा लावून बसलाय आणि ते मारलं तर वर शहसुद्धा मिळणार, कारण राजा त्याच रांगेत आहे. आणि ते प्यादं वाचवायला एकही सरळ चाल नाही, पटावर शोधून बघा, हत्ती मागे आणावा तर स्वतःचाच राजा मध्ये आडवा येतो. मी पहिल्यांदा हा डाव मांडला तेव्हा इथे अर्धा तास बसलो होतो, निदान शहाबरोबर तरी जाऊ नये म्हणून राजा ई२ वर नेऊन बघितला आणि प्रत्येक वेळी मला डाव हातातून निसटतोय असंच वाटलं.

कापाब्लांकाने राजा जी३ वर नेला. पुन्हा त्याच रांगेत! घे प्यादं, दे शह. काळ्याने घेतलं. राजा एच४. काळा हत्ती एफ३ वर आला, आता एफ४ चं प्यादंही जाणार. तेही वाचवलं नाही, जी प्यादं जी६ वर ढकललं, कारण त्याला जी५ घर मोकळं हवं होतं. काळ्याने शह देऊन एफ४ मारलं आणि राजा जी५ वर आला, येता येता हत्तीवरच चाल करून. म्हणजे काळ्याच्या हत्तीने दोनदा शह दिला आणि दोन्ही वेळा पांढरा राजा त्याला जिकडे जायचंच होतं तिकडे एक घर पुढे सरकला. काळ्याचा हत्ती प्यादी गोळा करत हिंडतोय आणि पांढऱ्याचा राजा चालत चालत काळ्या राजाच्या दारात येऊन उभा राहतोय.

मोजा आता. काळ्याची पाच प्यादी, पांढऱ्याची तीन. दोन प्यादी कमी असून डाव पांढऱ्याचा आहे आणि हे मोजणीत दिसत नाही, म्हणूनच तुम्हाला ते "फुकट दिली" असं वाटलं. तालच्या बलिदानात समोरच्याचा राजा उघडा पडतो, इथे स्वतःच्या राजाला वाट मिळते, आणि प्याद्यांच्या बदल्यात त्याने विकत घेतलाय तो वेळ. मला स्वतःला हे बलिदान वजीर देण्यापेक्षाही धाडसाचं वाटतं, कारण वजीर दिला की पाच-सहा चालींत हिशोब कळतो, इथे मात्र त्याला आणखी १७ चाली शांतपणे खेळून दाखवायचं होतं.

प्रश्न: याच डावात ३९व्या चालीला पांढऱ्याला एफ५ चं प्यादं आयतं मिळत होतं. कुणाचाही जोर नव्हता त्याला. दोन प्यादी कमी असताना ते सोडून राजा एफ६ वर का नेला? मला तरी ही चूकच वाटते.

उत्तर: तुम्ही नेमकं त्याच जागी बोट ठेवलंत जी मला या डावात सगळ्यात जास्त आवडते, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

राजा एफ६ वर गेला की पहिली गोष्ट, हत्ती एच८ वर जाऊन सरळ मात आहे, कारण काळ्या राजाची ई७, एफ७, जी७ ही तिन्ही घरं बंद झालीत. म्हणजे काळ्याला श्वास घ्यायलाही वेळ नाही, राजा हलवावाच लागतो, तो जी८ वर गेला. पण दुसरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. हत्तीच्या एंडगेममध्ये मागे पडलेला माणूस स्वतःला वाचवतो ते शह देऊन देऊन, मागून शह, बाजूने शह, राजाला पळवत राहायचं. आता पांढरा राजा एफ६ वर असताना काळ्याच्या हत्तीला एफ पट्टीतून शह द्यायचा असेल तर मध्ये कोण येतं? त्याचंच एफ५ चं प्यादं! काळ्याच्याच प्याद्याची भिंत करून पांढरा राजा तिच्या आडोशाला उभा आहे. ते प्यादं खाल्लं असतं तर भिंतच गेली असती.

पुढे काय होतं बघा. हत्ती जी७ वर शह, काळा राजा एच८, मग हत्तीने सी७ चं प्यादं मारलं आणि सी८ वर जाऊन मात करायचा धाक घातला, त्यामुळे काळ्याचा हत्ती ई८ वर परत, घरच्या रांगेत राखण करायला. आणि आता, तो हत्ती असा बांधला गेल्यावर, ४२व्या चालीला राजाने एफ५ चं प्यादं शांतपणे खाल्लं. तीन चालींनंतर तेच प्यादं, पण घाई नाही. आणि भिंत गेल्यावर काळ्याला खरंच एफ४ वरून शह मिळाला, ४३व्या चालीला, फक्त तोपर्यंत उशीर झाला होता, राजा ई५ वर येऊन उलट हत्तीवरच उठला.

त्याच्या पुढची एक चालही चुकवू नका. हत्ती जी४ वर गेला, आता राजासमोर डी५ चं प्यादं आयतं उभं आहे, पण ते घेतलं तर काळा जी६ मारतो. म्हणून आधी जी७ शह. प्यादं एक घर पुढे गेलं, हत्तीच्या जोरात आलं, काळा राजा जी८ वर त्याच्यासमोर खिळला. मग ए७ मारलं, मग डी५ मारलं. एकेक करून चार प्यादी परत घेतली, प्रत्येक आपल्या वेळेला, आणि शेवटी डी प्यादं राजाबरोबर चालायला लागलं. ५२व्या चालीला ते डी६ वर आलं आणि टार्टाकोव्हरने डाव सोडला. जाता जाता काळ्याला ए४ चं प्यादं घेऊ दिलं, तेव्हा त्याचा काहीच उपयोग उरला नव्हता.

प्रश्न: टार्टाकोव्हरचं चुकलं कुठे?

उत्तर: एका चालीवर बोट ठेवायचं तर अवघड आहे. माझं लक्ष घोड्याकडे जातं. १६व्या चालीला तो ए५ वर गेला, सी४ च्या प्याद्यावर दबाव टाकायला, कल्पना वाईट नव्हती, पण मग ३१व्या चालीपर्यंत तिथून हललाच नाही. पंधरा चाली पटाच्या काठावर, आणि तेवढ्यात सगळी लढाई दुसऱ्या बाजूला सरकली. तरी मी त्याला फार दोष देत नाही, शेवटी प्यादी खात सुटला त्याशिवाय त्याच्याकडे करण्यासारखं होतं तरी काय.

प्रश्न: सर, मी तेरा वर्षांची आहे. आमचे कोच सारखे एंडगेम करायला सांगतात, पण मला ओपनिंग (डावाची सुरुवात) आणि कॉम्बिनेशन्स (बलिदानासह जोडलेल्या चाली) आवडतात, एंडगेममध्ये खूप वेळ काहीच होत नाही असं वाटतं. तो कसा एन्जॉय करायचा?

उत्तर: तुझं म्हणणं मला पटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण एक करून बघ. वर जी मांडणी दिली आहे ना, पांढरा राजा एफ३ वर असलेली, ती पटावर लाव आणि मैत्रिणीबरोबर किंवा घरातल्या कुणाबरोबर खेळ, आधी तू पांढऱ्याकडून, मग तू काळ्याकडून. खरा डाव आत्ता बघू नकोस. दोन-तीनदा खेळून झालं की मग कापाब्लांकाच्या चाली एकेक करून कागदाने झाकून उघड, आणि प्रत्येक चालीआधी तुझी चाल वहीत लिही. तुझी आणि त्याची जुळली नाही तिथे थांब, तुझी चाल खेळल्यावर काळा काय करतो ते शोध. अशी दहा ठिकाणं निघाली तरी चालतील, उलट तीच कामाची.

आणि राजाकडे लक्ष दे. ओपनिंगमध्ये आपण त्याला कोपऱ्यात लपवतो, त्यामुळे तो कमजोर मोहरा आहे असं डोक्यात बसतं. वजीर गेले की तो बाहेर काढायचा असतो, हे वाचून कळतं, पण हातात यायला पन्नास डाव लागतात. "काहीच होत नाही" असं तुला जिथे वाटतं तिथे बहुतेक वेळा राजा चालत असतो.

प्रश्न: राजाला वाट करून देण्यासाठी बलिदान दिलंय असा अलीकडचा एखादा डाव सांगाल का?

उत्तर: टोपालोव्ह विरुद्ध शिरोव्ह, लिनारेस, १९९८. काळ्याकडून शिरोव्ह. दोघांकडे एकेक उंट पण वेगवेगळ्या रंगांच्या घरांवरचे, काळ्याची प्यादी जास्त होती खरी, पण अशा एंडगेममध्ये ती असूनही डाव बरोबरीत जातो हे सगळ्यांना माहीत असतं. ४७व्या चालीला शिरोव्हने आपला उंट एफ५ वरून उचलला आणि एच३ वर ठेवला, पांढऱ्याच्या प्याद्याच्या तोंडात. राजाला एफ५ घर हवं होतं आणि तिथे त्याचाच उंट बसला होता, म्हणून तो असा हलवला की पांढऱ्याला त्याची दखल घ्यावीच लागेल आणि त्याच्या राजाला मध्यभागी यायला एक चाल उशीर होईल. पांढऱ्याने उंट मारला, काळा राजा एफ५, मग ई४, आणि तिथून आपल्या प्याद्यांना सोबत करायला आत शिरला. ५३व्या चालीला टोपालोव्हने डाव सोडला.

हा डाव मांडताना ४७व्या चालीपाशी आल्यावर काळ्याच्या बाजूला बसा आणि आधी स्वतः शोधा. उंट एच३ सापडला नाही तरी हरकत नाही, निदान उंट न देता राजा ई४ ला वेळेवर का पोचत नाही एवढं मोजून काढा, मग चाल उघडा. आणि पांढऱ्याने उंट मारलाच नाही, नुसता राजा एफ२ वर आणला तर काळा काय करेल, हेही शोधून मला लिहा.